साडेतीन वर्षांची मुलगी, पेन्सिल आणि घरचा अर्धा तास

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी साडेतीन वर्षांची, बालवाडीत जायला लागून काही महिने झालेत. ताईंचं म्हणणं, ती पेन्सिल नीट धरत नाही, गिरवायला दिलं की कागद सरकवून देते आणि गोष्ट सांगताना लक्ष देत नाही. नात्यातली तिच्याच वयाची मुलगी शंभरपर्यंत आकडे म्हणून दाखवते. घरात दोन भाषा आहेत आणि ती दोन्हींची सरमिसळ करते. तर रोज संध्याकाळी अर्धा तास अभ्यासाला बसवावं का, फोनवर शिकवणारं एखादं ॲप लावून द्यावं का, आणि घरात एकच भाषा ठेवावी का?

तिन्हींचं उत्तर ‘नको’. पण नुसतं ‘नको’ ऐकून तुमची काळजी जाणार नाही. शिवाय लक्ष न देण्याचा मुद्दा मला इतका सहज सोडून देण्यासारखा वाटत नाही. तो जरा पुढे घेते.

आधी पेन्सिल. मुलाचा हात खांद्याकडून बोटांकडे तयार होत जातो. खांदा स्थिर होतो, मग कोपर, मग मनगट, आणि बोटांची टोकं एकेकटी हलायला लागतात ती सगळ्यात शेवटी. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चेची, म्हणजे मऊ, लवचीक असतात. पहिली दोन काही महिन्यांत हाड व्हायला लागतात, आणि तुमच्या मुलीच्या हाताचा एक्स-रे काढला तर आत्ता बहुधा तीन-चारच दिसतील. शेवटचं हाड दिसायला आठ ते बारा वर्षं लागतात. म्हणून तिने लिहूच नये असं नाही, पण तिचा हात हा तुमच्या हाताची छोटी आवृत्ती नाही, एवढं त्यावरून लक्षात यावं. मुठीत खडू धरणं किंवा सगळी बोटं पेन्सिलीवर ठेवून कोपरापासून हात फिरवणं या वयात दिसतंच. अंगठा आणि दोन बोटांची पकड बहुतेक मुलांची चार ते सहा वर्षांच्या दरम्यान बसते.

दुसरी गोष्ट आकारांची. मुलं आकार ठरावीक क्रमाने काढायला लागतात: तीनच्या सुमारास गोल, चारच्या सुमारास एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघा म्हणजे अधिकचं चिन्ह, मग चौकोन, आणि पाच ओलांडल्यावर त्रिकोण, कारण तिरकी रेघ सगळ्यात अवघड. आता या नजरेने ‘क’कडे बघा. मधोमध उभी रेघ, तिला डावीकडे चिकटलेला बंद गोल, उजवीकडून निघून खाली वळणारा फाटा, वर आडवी रेघ. जिला अजून अधिकचं चिन्ह धड जमत नाही तिला आपण हे काढायला सांगतोय. ठिपक्यांवरून पेन्सिल नेली की कागदावर ‘क’ उमटतो आणि आई-बाबांना दाखवायला वहीचं पान तयार होतं, पण मुलीने त्यात फक्त एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर उडी मारलेली असते. तुमची मुलगी कागद सरकवून देते, याचा अर्थ तिला ते जमणार नाही हे तिला कळलंय. शहाणी आहे ती.

मारिया माँटेसरी डॉक्टर होत्या. 1907 मध्ये रोममध्ये त्यांनी पहिलं बालगृह सुरू केलं, तिथेही हाताची तयारी आधी आणि लिहिणं नंतर असाच क्रम होता. खरखरीत कागदाची अक्षरं बोटांनी चाचपायची, साच्यांच्या कडेने रंगीत पेन्सिल फिरवायची, आणि हे बरेच दिवस चालल्यावर मग मुलं आपणहून लिहायला लागायची.

घरी काय करायचं ते सांगते. पाटी किंवा मोठा कागद भिंतीवर तिच्या डोळ्यांच्या उंचीला लावा. उभ्या पृष्ठभागावर काढताना मनगट आपोआप मागे वळतं आणि खांद्यालाही काम मिळतं. खडू मोडून अगदी छोटे तुकडे द्या. तुकडा बोटाच्या पेराएवढा असला की तो मुठीत धरताच येत नाही, चिमटीतच धरावा लागतो. पकड ‘शिकवायची’ म्हणून पेन्सिलीवर बसवायच्या रबरी पकडी मिळतात, त्यांच्यापेक्षा मोडका खडू मला केव्हाही बरा वाटतो. कपडे वाळत घालताना चिमटे लावायचं काम तिच्याकडे द्या. कागद फाडणं, चिखलाचे किंवा मातीचे गोळे वळणं, बोथट कात्रीने पट्ट्या कापणं, बाटलीचं झाकण उघडणं, स्पंज पिळणं हे सगळं त्याच हाताचं काम आहे. आणि लोंबकळणं, चढणं, ढकलणं विसरू नका. ज्या मुलांचा खांदा लेचापेचा असतो ती पुढे वहीवर डोकं टेकवून लिहिताना दिसतात. मग त्यांना ‘नीट बस’ म्हणून ओरडा बसतो.

अक्षरांची घाई करून काय हाती लागतं, यावर न्यूझीलंडमध्ये एक चांगला अभ्यास झाला. पाचव्या वर्षी वाचायला शिकवलेली मुलं आणि सातव्या वर्षी शिकवलेली मुलं यांची तुलना केली, तर अकरा वर्षांच्या सुमाराला वाचण्यात फरक उरला नव्हता. मुलगी स्वतःहून विचारत असेल ‘हे कुठलं अक्षर?’ तर जरूर सांगा. पाटीवर नाव लिहून मागितलं तर लिहून द्या. मी विरोध करते तो तिने न विचारलेलं रोज संध्याकाळी तिच्यापुढे मांडण्याला.

आता शंभरपर्यंतचे आकडे. मराठीत शंभरपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक आकडा वेगळा पाठ करावा लागतो. एकोणसाठ आणि एकोणसत्तरमध्ये मोठी माणसंही अडखळतात. त्या मुलीच्या पाठांतराचं कौतुक करायलाच हवं. पण तिला किती मोजता येतं ते बघायचं असेल तर तिच्यापुढे दहा-बारा बटणं ठेवा आणि म्हणा, “मला चार दे.” बरीच मुलं इथे मूठभर बटणं उचलून देतात. “मोज बरं,” म्हटलं की मोजतात: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. अगदी बरोबर, एकेका बटणावर बोट ठेवून. “मग किती आहेत?” असं विचारलं की उत्तर न देता पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतात. मोजताना शेवटी आलेला आकडा म्हणजे एकूण संख्या, ही गोष्ट त्यांना अजून उमगलेली नसते. कॅरन विन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1990 च्या सुमारास हे नीट तपासलं. मुलं आधी ‘एक’ समजतात, काही महिन्यांनी ‘दोन’, पुन्हा काही महिन्यांनी ‘तीन’, आणि साडेतीन-चारच्या आसपास बहुतेकांना अचानक सगळ्याच आकड्यांचा अर्थ लागतो. शंभरपर्यंत म्हणता आल्याने ही उडी लवकर पडत नाही. ती पडते वस्तू हाताळून आणि वाटून. जेवायला किती जण आहेत बघून तेवढे पेले मांडणं, प्रत्येक मोज्याचा जोडीदार शोधणं, जिन्याच्या पायऱ्या उतरताना मोजणं आणि शेवटी ‘म्हणजे आठ पायऱ्या झाल्या’ असं मोठ्याने म्हणणं, हे करा. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं, ते गाळू नका. बटणांचा खेळ तुमच्या मुलीबरोबरही एकदा खेळून बघा, मात्र परीक्षा म्हणून नको आणि त्या दुसऱ्या मुलीच्या आईसमोर तर नकोच.

ॲपबद्दल. बाळं भाषा कशी शिकतात यावर काम करणाऱ्या संशोधक पट्रिशिया कूल यांचा 2003 मधला एक प्रयोग या प्रश्नाला थेट उत्तर देतो. इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर बाई प्रत्यक्ष बसून खेळत, वाचत होती. काहींना तीच बाई, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. प्रत्यक्ष ऐकलेल्या बाळांना त्या भाषेतले बारीक ध्वनिभेद ओळखता यायला लागले. पडदा बघितलेल्यांच्यात काहीच फरक पडला नाही. तुमची मुलगी मोठी आहे, ती पडद्यावरून काही शब्द उचलेलही. पण पडदा तिचं ऐकून घेत नाही. ती काय म्हणाली त्याप्रमाणे त्याचं पुढचं वाक्य बदलत नाही. म्हणूनच लांबच्या आजीशी व्हिडिओ कॉल ही वेगळी गोष्ट आहे, कारण तिथे आजी उत्तर देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनात दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास पडदा सांगितलाय, कमी असेल तितकं चांगलं. त्याच पानावर तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात मिळून 180 मिनिटं हालचाल आणि 10 ते 13 तास झोप हेही आहे. पडद्याच्या तासावर सगळे वाद घालतात, झोपेचा आकडा मात्र कुणी वाचत नाही. किरकिर, हट्ट, ‘लक्ष नाही’ या तक्रारी घेऊन येणाऱ्या घरांना मी आधी विचारते, ती झोपते किती वाजता?

तर मग त्या अर्ध्या तासात काय करायचं? बोलायचं. हे उत्तर ऐकून पालकांची निराशा होते, हे मला माहीत आहे. पण बोलण्या-बोलण्यात फरक असतो. एकेकाळी मुलांच्या कानावर किती शब्द पडतात ते मोजायची लाट आली होती, आणि पालक दिवसभर धावतं वर्णन करत राहायचे. 2018 मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या घरी ध्वनिमुद्रण करून आणि त्यांच्या मेंदूचे स्कॅन काढून एक अभ्यास झाला. मेंदूतल्या भाषेच्या भागाच्या कामाशी संबंध दिसला तो शब्दांच्या संख्येपेक्षा आलटून-पालटून झालेल्या बोलण्याचा: मूल बोललं, मोठं माणूस त्यावर बोललं, मूल पुन्हा बोललं, अशा फेऱ्यांचा.

मूल म्हणतं, “पाणी सांडलं.” आपल्या तोंडून निघतं, “किती वेळा सांगितलं!” किंवा शिकवायचा उत्साह असेल तर, “पाण्याचा रंग कोणता?” दोन्हीकडे बोलणं तिथेच संपतं. त्याऐवजी हे बघा:

“पाणी सांडलं.”

“सांडलं खरं. कुठपर्यंत गेलं बघ.”

“तिकडे. कपाटाखाली.”

“कपाटाखालीच का गेलं असेल?”

(इथे थांबायचं. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजायचं. आपल्याला ते फार लांब वाटतं.)

“तिथे... तिथे खाली आहे.”

“हो, जमीन तिकडे उतरती आहे. आता काय करायचं?”

“फडकं आण. मोठं!”

एका मिनिटात तिने पाहिलं, कारण शोधलं, उपाय सुचवला, मापाचा शब्द वापरला. तुम्ही ‘उतरती’ हा नवा शब्द दिलात, तोही तिच्या डोळ्यांसमोर घडत असलेल्या गोष्टीसाठी. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असे प्रश्न या संवादात नाहीत, हेही बघा. रंग कोणता, आकार कोणता, प्राणी कोणता अशा प्रश्नांनी मूल परीक्षेला बसल्यासारखं होतं आणि एका शब्दात उत्तर देऊन मोकळं होतं.

पुस्तक वाचतानाही तेच. एकच पुस्तक ती पन्नास वेळा मागेल, कंटाळा न करता वाचा. पहिल्या दोन-तीन वेळा तुम्ही वाचा, मग वाक्याचा शेवटचा शब्द तिच्यासाठी सोडा, मग चित्र दाखवून ‘इथे काय गडबड झालीय?’ विचारा, आणि काही दिवसांनी पुस्तक तिच्या हातात देऊन तुम्ही ऐका. ती मनाने भर घालेल, चुकीचं सांगेल. दुरुस्त करू नका. ती ‘गेलेला ससा पळून’ म्हणाली तर तुम्ही ‘हो, ससा पळून गेला, आणि मग?’ म्हणा. बरोबर वाक्य तिच्या कानावर पडलं, बोलणंही तुटलं नाही.

दोन भाषांचं लवकर आटपते. दोन भाषांमुळे मूल गोंधळत नाही आणि त्यामुळे बोलायला उशीर होत नाही. एका वाक्यात दोन्ही भाषांचे शब्द येणं नेहमीचं आहे. जो शब्द आधी सुचतो तो ती वापरते. तिचे शब्द मोजायचे झाले तर दोन्ही भाषांतले मिळून मोजा. ज्याला जी भाषा मनापासून येते त्याने तिच्याशी त्या भाषेत बोलावं. शाळेसाठी म्हणून आई-वडिलांनी तिच्याशी मोडक्यातोडक्या तिसऱ्याच भाषेत बोलायला सुरुवात केली की वर सांगितलेल्या फेऱ्या तुटतात. त्याने होणारं नुकसान मोठं.

खेळाबद्दलही एक गोष्ट सांगायची आहे, कारण ‘लक्ष’ आणि ‘शिस्त’ हे शब्द त्याच्याशी जोडलेले आहेत. खोटं खोटं दुकान, दवाखाना, बस हे खेळ मुलं खेळतात तेव्हा ती स्वतःला आवर घालत असतात. ‘पेशंट’ झालेलं मूल उठून पळू शकत नाही, डॉक्टर येईपर्यंत पडून राहतं. एरवी तेच मूल दोन मिनिटं एका जागी बसत नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी 1930 च्या दशकात यावर भर दिला होता: खेळातला नियम मूल आपखुशीने पाळतं आणि तिथे स्वतःवर ताबा ठेवायला शिकतं. या खेळाला वेळ लागतो. मुलं आधी पंधरा मिनिटं ‘तू कोण, मी कोण’ यातच घालवतात आणि बघणाऱ्याला वाटतं की काही चाललेलंच नाही. म्हणून दिवसातला एखादा सलग, मोकळा तास राखून ठेवा. खेळणी कमी, खोकी-चादरी जास्त. तुम्ही गिऱ्हाईक व्हा, दुकानदार तिलाच होऊ द्या.

आता बालवाडी. तिच्यावर खूप संशोधन झालंय आणि त्याचे निकाल एकाच बाजूचे नाहीत. अमेरिकेत मिशिगनमध्ये 1962 ते 1967 दरम्यान पेरी प्रीस्कूल हा प्रकल्प झाला. गरीब घरांतली 123 मुलं, त्यांतल्या जवळपास निम्म्यांना चांगली बालवाडी मिळाली, आणि सगळ्यांचा मागोवा चाळीस वर्षांची होईपर्यंत घेतला गेला. बुद्ध्यंकातला सुरुवातीचा फायदा काही वर्षांतच विरून गेला. तरीही बालवाडीत गेलेल्यांनी शालेय शिक्षण जास्त प्रमाणात पूर्ण केलं, कमाई जास्त केली, त्यांच्या अटका कमी झाल्या. तिथे मुलं काय करायचं ते स्वतः ठरवत, करत, आणि मग काय केलं ते सांगत. शिक्षिका दर आठवड्याला घरी जाऊन आईशी बोलत. याउलट टेनेसी राज्यातल्या सरकारी बालवाड्यांचा मोठा अभ्यास 2022 मध्ये आला. तिथे बालवाडीत जागा मिळालेली मुलं सहावीपर्यंत परीक्षेत आणि वर्तनात, जागा न मिळालेल्या मुलांच्याही मागे पडली होती. म्हणजे बालवाडीत घातलं एवढ्याने काही होत नाही, तिथे दिवसभर काय चालतं यावर सगळं आहे.

म्हणून एक दिवस परवानगी घेऊन तासभर वर्गात मागे बसा. भिंतीवरची चित्रं बघा: वीस सारखीच फुलपाखरं लावलेली असतील तर ती ताईंची चित्रं आहेत, मुलांची नाहीत. कान देऊन ऐका, बोलतंय कोण? ताई सगळ्यांना मिळून सूचना देतात की एकेकाशी खाली बसून बोलतात? मूल रडलं तर कोण जवळ घेतं? मुलं रांगेत, वाट बघत, हाताची घडी घालून किती वेळ असतात? इमारत, गणवेश, स्मार्ट बोर्ड हे सगळं नंतर.

ताईंशी भांडू नका. त्यांच्यावर वरून वह्यांचा दबाव असतो, आणि बऱ्याचदा तो दबाव आपल्यासारखे पालकच आणत असतात. त्यांना म्हणा, “घरी आम्ही हाताच्या ताकदीसाठी हे हे करतोय. गिरवायच्या वेळी तिला फळ्यावर मोठ्या रेघा काढू द्याल का?” बहुतेक ताई तयार होतात. त्यांनी केलेलं निरीक्षण मात्र हलक्यावर घेऊ नका, कारण वीस मुलांत तुमची मुलगी कशी दिसते ते त्याच बघतात.

आणि इथे ‘लक्ष देत नाही’ हा मुद्दा. घरी ती ठोकळ्यांत किंवा मातीत पंधरा-वीस मिनिटं रमते का? रमत असेल तर लक्ष आहे. मग वर्गात गोष्ट ऐकताना ते का नाही, तर पहिली शंका कानांची. या वयात सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे द्रव साठून राहतो. ताप नसतो, बऱ्याचदा दुखतही नाही, फक्त आवाज दबके येतात. घरी तुम्ही जवळून, समोरून बोलता म्हणून ती उत्तर देते. गोंगाटाच्या वर्गात मागे बसून तिला अर्धंच ऐकू येतं. सारखं ‘काय?’ विचारणं, टीव्हीचा आवाज वाढवणं, पाठमोरी असताना हाक ऐकू न येणं, तोंड उघडं ठेवून झोपणं ही चिन्हं बघा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे आणि ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे तपासणी होते. एका यंत्राने पडदा नीट हलतोय का ते काही सेकंदांत कळतं, आणि ऐकण्याची चाचणी खेळासारखी असते: आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा. द्रव बहुतेकदा दोन-तीन महिन्यांत आपोआप ओसरतो, म्हणून डॉक्टर लगेच काही न करता पुन्हा बोलावतात. ती दुसरी फेरी चुकवू नका.

थांबून बघायचं नाही अशा गोष्टीही आहेत. तीन-साडेतीनला मुलगी तीन-चार शब्दांची वाक्यं बोलत नसेल, बाहेरच्या माणसाला तिचं बरंचसं बोलणं कळत नसेल, नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, खोटं खोटं काही खेळतच नसेल, दुसऱ्या मुलांमध्ये तिला अजिबात रस नसेल, वारंवार पडत असेल किंवा जिना चढता येत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना विकासाची तपासणी करायला सांगा. आधी येत असलेली गोष्ट, विशेषतः बोलणं, जायला लागली असेल तर त्याच आठवड्यात जा. ‘मुलं उशिरा बोलतातच, याचे बाबाही उशिरा बोलले’ हे घरोघरी ऐकू येतं. काही वेळा ते खरंही ठरतं, पण तपासून घेतल्याने कुणाचं नुकसान होत नाही आणि थांबल्याने होऊ शकतं. तुम्ही लिहिलंय त्यावरून यातलं काही तुमच्या मुलीत दिसत नाही. कानांची तपासणी मात्र याच महिन्यात उरकून घ्या, आणि तिचा निकाल ताईंनाही सांगा.